तवंदीचा घाट उतरताना

बेळगावाहून निपाणीकडे जाणारा रस्ता म्हणजे आम्हां सीमाभागातील मराठी माणसांचा माहेरचा रस्ता. लग्नाचा बस्ता बांधायचा असो, अंबाबाईची ओटी भरायची असो, मुलाला कोल्हापुरात कॉलेजात घालायचे असो, की डॉक्टरांनी 'आता मोठ्या इस्पितळात न्या' असे सांगितलेले असो, आमची पावले आपोआप उत्तरेकडे वळतात. २०१० साली देशभरातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा हा चौथ्या क्रमांकाचा मार्ग अठ्ठेचाळिसावा झाला. आमच्याकडील वडीलधारी मंडळी मात्र अजून त्याला पुणे-बंगळूर रस्ताच म्हणतात. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटरचे. या रस्त्यावरचे प्रत्येक वळण आपल्याला ठाऊक आहे, अशी आमची आजवर समजूत होती. गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या मुलीच्या बारशाला निपाणीस गेलो आणि ही समजूत किती पोकळ होती ते कळून आले. त्या प्रवासाची ही हकिकत.

मोटार भाच्याची, चालवणाराही तोच. मागच्या बाजूस आमचे कुटुंब, मांडीवर कुंद्याचा डबा आणि बाळंतविडा. सकाळी सातला निघालो तेव्हा किल्ल्याच्या खंदकावर धुके दाटले होते. शहर मागे पडले की थोड्याच वेळात काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्माचे हे जन्मगाव. तेथून पुढे मार्कंडेयाकाठची हिरवी शेते, मग भूतरामनहट्टीचे प्राणिसंग्रहालय, आणि मग रस्ता वंटमुरीच्या डोंगरात शिरतो. आमच्या लहानपणी हा घाट दोन पदरांचा होता. लाल बस धापा टाकत वर चढायची आणि कंडक्टर खिडकीबाहेर डोके काढणाऱ्या पोरांवर कानडीत ओरडायचा. आता रस्ता रुंद झाला, वळणे सैलावली, आणि त्याबरोबर वाहनांचे भानही सैलावले. पूर्वी घाट म्हटला की चालक गाडी थांबवून देवाला नारळ फोडी. आता घाट कधी आला आणि कधी गेला तेच समजत नाही.

भाच्यालाही ते समजले नसावे. उतार संपतो तेथे रस्त्याच्या कडेला तिकाटण्यावर एक यंत्र ठेवलेले दिसले आणि खाकी वर्दीतल्या शिपायाने हात दाखवला. यंत्राने आमच्या गाडीचा वेग टिपला होता आणि तो फलकावरच्या आकड्यापेक्षा बराच अधिक होता. भाच्याने काच खाली केली, पण शिपायाकडे न पाहता तो आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुमची ओळख हाय की पोलिसांत. एक फोन लावा, दोन मिनिटांत सुटतंय बघा."

आम्ही म्हणालो, "दंड भर आणि पावती घे."

त्याने दंड भरला, पण गाडी सुरू केल्यावर तो बोलेनासा झाला. मागून कुटुंबाचाही आवाज नाही. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला तालुक्यात कोण ओळखत नाही? कचेरी असो, बँक असो, पोलीस ठाणे असो, कोठे ना कोठे आमच्या हाताखालून गेलेले मूल बसलेले असते. अशा फोनांना आम्ही पूर्वी कधी नकार दिलेला नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. तेव्हा आजच ही साधुगिरी का, असा प्रश्न दोघांच्याही मनात आला असणार.

हत्तरगीचा टोलनाका ओलांडला आणि पुढे एका टपरीवर चहासाठी थांबलो. तेथे ती गोष्ट आम्ही भाच्याला सांगितली. वाचकांपासूनही ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

२०१७ सालची गोष्ट. ज्या खेड्यात आम्ही मुख्याध्यापक होतो, तेथील एक मुलगा आमच्या शाळेतून सातवी होऊन शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेला होता. हुशार नव्हता, पण हाताचा मोठा कसबी. शाळेचा पंप बंद पडला की आम्ही त्यालाच हाक मारीत असू. दहावीत गेल्यावर तो वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेत जाऊ लागला. एके दिवशी फाट्यावर एका तरुण शिपायाने त्याला अडवले. परवाना नाही, वय नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही. शिपायाने गाडी ठाण्यात नेऊन लावली. संध्याकाळी मुलाचे वडील आमच्या दारात उभे राहिले. "गुरुजी, गाडी अडकून पडली तर दूध डेअरीला कसं घालू? तुमचा एक शब्द पडला तर सोडतील." आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट बरेच वाटले, कारण गावाने आपला शब्द मागावा यासारखे सुख मास्तराच्या नशिबी फारसे नसते. ठाण्याचे अधिकारी परिचयाचे होते. आम्ही फोन उचलला आणि आमच्या मोडक्यातोडक्या कानडीत म्हणालो, "हुडुग इदाने, बिडी सर." लहान मूल आहे, सोडून द्या. तासाभरात गाडी घरी आली. दंड नाही, पावती नाही, नोंदही नाही.

पुढे चार महिन्यांनी उसाचा हंगाम भरात असताना, रात्री आठच्या सुमारास तोच मुलगा त्याच गाडीवरून घरी येत होता. रस्त्यात उसाने भरलेली ट्रॅक्टरची जोडट्रॉली उभी होती. टायर फुटला होता आणि मागे ना दिवा ना पट्टी. मुलगा त्या ट्रॉलीवर जाऊन आदळला आणि जागीच गेला.

वडिलांनी आम्हांला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिवसकार्य उरकल्यावर ते शाळेत आले. पुढच्या कागदपत्रांसाठी त्यांना मुलाच्या जन्मतारखेचा दाखला हवा होता. आम्ही जनरल रजिस्टर काढले, पान उलटले आणि दाखल्यावर ती तारीख आकड्यांत व अक्षरांत लिहिली. मुलगा गेला त्या दिवशी त्याचे वय पंधरा वर्षे सात महिने होते. चार महिन्यांपूर्वी जी तारीख पाहू नका म्हणून आम्ही विनवले होते, तीच आता आम्ही स्वतःच्या हाताने लिहीत होतो आणि खाली शाळेचा शिक्का मारीत होतो. त्या दिवसापासून पोलिसांना फोन केला नाही.

भाच्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि बिल देऊन मुकाट्याने गाडीत बसला. नंतर संकेश्वरपर्यंत त्याच्या गाडीचा काटा फलकावरच्या आकड्याच्या वर गेला नाही.

संकेश्वर म्हणजे हिरण्यकेशीकाठचे गाव. शंकराचार्यांचा मठ, तांबड्याजर्द मिरच्यांची पेठ आणि भोवती दृष्टी पोचेल तेथवर ऊस. दिवाळी झाली की या टापूची चालच बदलते. साखर कारखान्यांचे भोंगे सुरू होतात, बीडकडच्या ऊसतोड टोळ्या खोपट्या घालून उतरतात, आणि प्रत्येक रस्त्यावर बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हात हातभर बाहेर आलेला ऊस, आणि चालकाच्या कानठळ्या बसवणारी गाणी. मागून कोण येते ते त्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. दिवसा हे दृश्य मोठे समृद्धीचे वाटते. रात्री तोच ऊस काळोखात उभी असलेली भिंत होऊन बसतो.

येथे आम्ही भाच्याला रस्ता सोडून एका कारखान्याच्या आवारात गाडी घ्यायला सांगितले. बारशाला जायचे हे निमित्त खरे. पण त्याबरोबर आमच्या मनात आणखी एक काम होते. २०१७ साली फाट्यावर ती मोटारसायकल अडवणारा तरुण शिपाई आता हेडकॉन्स्टेबल झाला असून या बाजूच्या ठाण्यात बदलून आला आहे, असे आम्हांला काही महिन्यांपूर्वी समजले होते. त्याला एकदा भेटायचे होते. काय बोलायचे ते मात्र ठरले नव्हते.

कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागली होती. ताज्या उसाचा गोडसर वास, चिपाडाचा धूर, ट्रॉल्यांच्या सावलीत तीन दगडांवर भाकऱ्या भाजणाऱ्या बाया आणि उसाच्या कांड्या चोखणारी पोरे. त्या रांगेतून आमचा हेडकॉन्स्टेबल एकेका ट्रॉलीमागे वाकत होता. हातात फडके, बादली आणि चकाकत्या पट्टीचे रीळ. ट्रॉलीचे मागचे फळकूट आधी ओल्या फडक्याने पुसायचे, मग कोरडे करायचे, आणि मग पट्टी ताणून चिकटवायची. मागे तांबडी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. मोटार वाहन नियमांत हे रंग ठरलेले आहेत आणि त्यामागे साधा हेतू आहे. अंधारात नुसता रंग पाहून वाहनाची कोणती बाजू आपल्याकडे आहे ते कळावे.

त्याने आम्हांला ओळखले. "नमस्कार सर. बरे आहात काय?" त्याची मातृभाषा कानडी. मराठी त्याने रस्त्यावर उभे राहून शिकलेली. तिला आमच्या बेळगावी बोलीचाच हेल. बाजूच्या झाडाखाली दोन खुर्च्या आल्या.

तो सांगू लागला, "सर, चिकटवाय काय, कोण बी चिकटवतंय. पर आठ दिवसांत चिखलानं झाकतंय. मग हाय काय आणि न्हाय काय? म्हणून मी चालकालाच फडकं देतो. म्हणतो, वजन करून भाईर पडताना पुसून दाव, मग जा."

आम्ही पेशाने मास्तर; हिशेब मांडल्यावाचून आम्हांला राहवत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. दुचाकीच्या खाली वळवलेल्या दिव्यात पुढचे पंचवीस-तीस मीटर दिसले तर पुष्कळ. म्हणजे विनादिव्याची ट्रॉली दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाच्या हाती पुरते दोन सेकंदही नसतात, आणि त्यातला एक सेकंद तर 'हे काय आहे' हे उमगण्यातच जातो. पट्टी स्वच्छ असेल तर तीच ट्रॉली शंभर मीटरांहून अधिक अंतरावरून चमकते आणि हाती सहा सेकंद येतात. त्रैराशिकाचे हे सोपे उदाहरण. आम्ही ते कितीदा फळ्यावर सोडवले असेल! फक्त आगगाडी आणि खांब घेऊन सोडवले, ट्रॉली आणि मुलगा घेऊन कधी नाही.

रस्त्यावरचा पोलीस म्हणजे शिट्टी, हात आणि पावतीपुस्तक, एवढीच आमची कल्पना होती. त्याच्या बोलण्यातून त्या कामाची दुसरी बाजू उलगडत गेली. त्याने एक जुनी वही दाखवली. हद्दीत जेथे जेथे अपघात झाला तेथला किलोमीटरचा दगड, वेळ, हवा, दिवा होता की नव्हता, ब्रेकच्या खुणा किती फुटांच्या, हे सारे त्यात टिपलेले. अलीकडे हीच माहिती सरकारी संगणकप्रणालीत भरावी लागते, पण वही त्याने सोडलेली नाही. सुमारे ५०० मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत प्राणहानीचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तेथे दहा माणसे दगावली, तर केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते आणि रस्त्याची दुरुस्ती करणे भाग पडते. पण पाच अपघात एकाच जागी झाले हे ठरवणार कोण? ज्याने पंचनाम्यात दगड नीट लिहिला तोच. "पहिले आम्ही काय लिहायचो सर? 'चालकाच्या हयगयीने.' झालं, केस बंद. मग विंजिनेर कशाला येतोय बघायला? आता मी लिहितो, वळणावर झाड आडवं आलंय, दुभाजक फोडून वाट केलीय, दिवा न्हाय." अशाच एका नोंदीवरून एका फाट्यावर दिवा आला आणि फोडलेला दुभाजक बुजवला गेला. त्या फाट्यावरच्या गोष्टीत त्याला मोठेपणा मिरवायचा नव्हता. तो फक्त वहीतले पान दाखवत होता.

अडचणींबद्दल विचारले तेव्हा तो हसला. माणसे थोडी, हद्द लांब, धूळ खाऊन छातीचे दुखणे. पण सर्वांत मोठी अडचण फोनची. "गाडी धरली की पाच मिनिटांत फोन वाजतोय सर. पुढाऱ्याचा येतोय, पेपरवाल्याचा येतोय..." आणि तो थांबला.

"मास्तरांचाही येतो," आम्ही म्हणालो.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आम्ही त्या मुलाचे नाव घेतले. त्याला सारे आठवत होते. गाडी त्याने अडवली होती, वरच्या आज्ञेवरून सोडलीही त्यानेच, आणि चार महिन्यांनी रात्री कंदील धरून त्या अपघाताचा पंचनामाही त्यानेच केला होता. ब्रेकची खूण वीतभरही उमटलेली नव्हती. "तवापासून हे रीळ गाडीत ठेवतो," तो म्हणाला. आम्ही हात जोडले. म्हणालो, "त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. आमचं चुकलं." त्याने घाईघाईने आमचे हात खाली केले आणि म्हणाला, "बिडी सर."

सोडा सर. चार महिन्यांच्या अंतराने दोन नोंदी करणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी आमचाच शब्द आला होता.

संकेश्वर सोडले आणि तवंदीच्या घाटाकडे निघालो. या रस्त्याने जाताना सीमाभागातील माणसाच्या मनात पोलिसांविषयी जे येते, तेही येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून आमच्या दोन-तीन पिढ्यांनी वर्दी पाहिली ती बहुधा मोर्चापुढे लाठी घेऊन उभी असलेली. निपाणीने तर त्याहूनही दारुण पाहिले. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावरच संसार थाटले. एप्रिलच्या सहा तारखेला ते उठवण्यात आले, गोळीबार झाला आणि शेतकरी बळी पडले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. घरातली मोठी माणसे त्या संध्याकाळी जेवली नव्हती, एवढे आठवते. हा इतिहास कोणी विसरावा असे आम्ही म्हणणार नाही.

पण त्या इतिहासाने आमच्यात एक खोडही रुजवली. चौकातल्या शिपायाला चुकवणे हे आम्हांला पराक्रमासारखे वाटू लागले. शिरस्त्राण घालणे म्हणजे त्यांच्यापुढे नमणे, दंड भरणे म्हणजे हार खाणे, आणि ओळखीने सुटणे म्हणजे जिंकणे! या जिंकण्यात मुले कोणाची गेली, हा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी ५०,०२९ जणांनी शिरस्त्राण घातले नव्हते. त्यांची मातृभाषा कोणती, ही नोंद त्या अहवालात नाही. पाटीवरची अक्षरे कोणत्या भाषेत असावीत, याबद्दल आम्ही आयुष्यभर वाद घातला आणि तो वाद खोटा नाही. तथापि रस्त्यावरच्या खुणांना अक्षरेच नसतात. त्रिकोण सावध करतो, तांबड्या कडेचे वर्तुळ मनाई करते. निरक्षर ऊसतोड्यालाही त्या वाचता येतात. वाचायच्या की नाहीत, एवढेच आमच्या हाती असते.

आणि पोलिसांनी मनावर घेतले, लोकांनी आडकाठी केली नाही, तर काय घडते याचे उदाहरण आमच्याच राज्यात आहे. बंगळूर-म्हैसूर या नव्या द्रुतमार्गावर २०२३ साली १८८ माणसे दगावली. मग तेथे कॅमेरे आले, वेगावर सक्तीने कारवाई सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा व ट्रॅक्टर यांना मुख्य मार्गावर बंदी झाली. २०२४ साली मृतांची संख्या ५० वर आली. पन्नास हा आकडाही लहान नव्हे, पण १३८ घरांत त्या वर्षी दिवसकार्य झाले नाही, हे त्याहून मोठे. कॅमेऱ्याचा एक गुण असा की त्याला फोन करता येत नाही. आमच्या खेड्यातल्या फाट्यावर मात्र अजून माणूसच उभा असतो, आणि माणसाला फोन करता येतो.

तवंदी आले. घाटमाथ्यावर वारा भन्नाट सुटलेला असतो. जवळच स्तवनिधीचे जैन क्षेत्र. आमच्या भागातील जैन शेतकरी नवे वाहन घेतले की पहिल्याने ते येथे आणतात. आमचे लोक खंडोबाला वा यल्लम्माला नेतात. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, असे सारे यथासांग होते, आणि मग त्याच वाहनाच्या चाव्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती जातात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून अपराध केल्यास पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आमच्या पालकसभेत आम्ही हे कलम वाचून दाखवतो. ऐकताना सर्व गंभीर होतात. सभा संपल्यावर दोघेतिघे जवळ येऊन हळूच विचारतात, "पण सर, काही झालंच तर तुम्ही हायसाच की?"

घाटाच्या उतारावर मालमोटारी कुंथत उतरत होत्या. डिझेल वाचावे म्हणून गिअर काढून गाडी उतारावर सोडणारे चालक अजून आहेत. सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तळाशी येईपर्यंत पकडच उरत नाही. 'पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरा' असे सांगणारा शिपाई घाटमाथ्यावर उभा असतो तेव्हा चालकाला तो अडथळा वाटतो. तळाशी उलटलेल्या गाडीजवळ तोच शिपाई पहिला पोचतो, तेव्हा तो देव वाटतो. तो त्या दोन्ही वेळी पोलीसच असतो.

आणखी एक गोष्ट या ठिकाणी सांगून ठेवतो, कारण हद्दीवर राहणाऱ्यांना तिचा उपयोग आहे. निपाणी ओलांडली की कोगनोळीजवळ राज्य बदलते. निपाणीचे देवचंद महाविद्यालयदेखील पलीकडे अर्जुननगरात, महाराष्ट्रात आहे. अशा जागी अपघात झाला की 'हद्द कोणाची' या वादात जखमी माणूस रस्त्यावर पडून राहतो आणि चौकशीचे झेंगट नको म्हणून बघे पांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ठरवून दिले आहे की जखमीला इस्पितळात पोचवणाऱ्यावर नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीत त्याला कायद्याचे संरक्षणही मिळाले. तेव्हा वाचकहो, उचलून न्या. हद्द मागाहून ठरवतील.

निपाणीत तंबाखूचा उग्र वास नाकात शिरला आणि बारशाच्या घराचा दरवाजा दिसला. मुलगी गोरीगोमटी, झोपाळू. पाळणे झाले, घुगऱ्या झाल्या, कुंद्याचा डबा रिकामा झाला. निघायला अंधार पडला.

परतीला घाट चढून संकेश्वराच्या सपाटीवर आलो. काळोख गडद होता. भाच्याने अचानक वेग कमी केला. आम्ही पाहिले तर दूर, फारच दूर, दोन तांबडे ठिपके जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर चमकत होते. जवळ येता येता त्यांची पट्टी झाली आणि पट्टीवरती उसाचा काळा डोंगर उभा राहिला. ट्रॉलीवर अगदी वरच्या टोकाला एक बाई पोराला कुशीत घेऊन बसली होती. भाच्याने उजवीकडून सावकाश गाडी काढली आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, पट्टी पुसल्याली दिसत्या." आम्ही 'हो' म्हणालो.

या गोष्टीला पंधरा दिवस झाले असतील. आमच्या गावचे एक प्रतिष्ठित गृहस्थ सकाळीच शाळेत आले. मुलाची गाडी ठाण्यात लावली होती, आमचा एक फोन हवा होता. आम्ही टोपी घातली आणि म्हणालो, "फोन नाही करत, पण मी तुमच्याबरोबर ठाण्यात येतो. जे काही भरायचं ते भरू, सही करायची ती करू, आणि मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत चावी तुमच्या कमरेला राहील असं तिथंच सांगू." त्यांना राग आला. ते एकटेच गेले आणि आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. त्यांचा मुलगा हल्ली सायकलवरून शाळेत जातो. रोज सकाळी शाळेच्या फाटकासमोरून जाताना तो घंटी वाजवतो. रागाने की गमतीने, ते आम्हांला अजून कळलेले नाही. त्याची जन्मतारीखही आमच्याच रजिस्टरात आहे.